सॅक्सन नेमके कुठले? मूळ शोधताना साधनं कशी तपासायची

इंग्लंडच्या इतिहासाच्या बहुतेक नकाशांत एक जाड बाण असतो. उत्तर जर्मनीतून निघतो, समुद्र ओलांडतो आणि इंग्लंडच्या दक्षिण भागात येऊन टेकतो. वर लिहिलेलं असतं "सॅक्सन, इ. स. ४४९". शेजारी अँगल आणि ज्यूट या टोळ्यांचे दोन बाण. पण हा बाण सुरू कुठून करायचा, हे शोधायला बसलं की घोळ सुरू होतो. "सॅक्सन" हे नाव दर एक-दोन शतकांनी वेगळ्या माणसाने, वेगळ्या जागी बसून, वेगळ्या लोकांना लावलेलं आहे. म्हणून "सॅक्सन कुठून आले" हा प्रश्न थेट हातात घेऊ नये. आधी "कोण, कधी, कुणाला सॅक्सन म्हणतंय" हे सोडवायचं. लेख लिहायचा असो, भाषांतर करायचं असो की विकिपीडियावरची एखादी ढिली नोंद दुरुस्त करायची असो, खालची पद्धत चालते.

साहित्य फार लागत नाही. एक स्प्रेडशीट, एक कोरा नकाशा आणि मूळ ग्रंथांची विश्वासार्ह इंग्रजी भाषांतरं. लॅटिन थोडंफार येत असेल तर मोनुमेंटा जर्मानिए हिस्टोरिका या मध्ययुगीन साधनांच्या मालेतल्या संहिता इंटरनेटवर फुकट आहेत. इंग्लंडमध्ये सापडलेल्या धातूच्या वस्तूंसाठी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमचा डेटाबेस उघडा आहे. नकाशा मात्र आजच्या सीमांचा घेऊ नका. ऱ्हाइन, एम्स, वेसर, एल्ब आणि आयडर या पाच नद्या आणि वर जटलंडचा द्वीपकल्प, एवढंच हवं. किनाऱ्याची आजची रेषाही फसवी आहे. समुद्राला अडवणारे सलग बांध मध्ययुगात झाले. त्याआधी हा सगळा पट्टा भरतीचं पाणी आत येणारं खाजण होतं. वस्त्या त्या खाजणात मातीचे उंचवटे रचून किंवा मागच्या वाळूच्या उंच जमिनीवर होत्या, आणि दहनभूमी बहुतेक त्या उंच जमिनीवर. हा फरक नकाशावर सुरुवातीलाच रंगाने दाखवून ठेवा, पुढे लागतो.

आधी नको ते सॅक्सन बाजूला काढा

पहिली गाळणी नावांची. आज जर्मनीत ड्रेस्डेन, लाइपझिग ज्या राज्यात आहेत त्याचं नाव सॅक्सनी. पण जुन्या सॅक्सनांचा प्रदेश तो नव्हे. ११८० मध्ये हेन्री द लायन याच्याकडून सॅक्सनीची डची (ड्यूकचा मुलूख) काढून घेतली गेली, तिचे तुकडे झाले आणि पदवी पूर्वेकडे विटेनबर्गच्या घराण्याकडे गेली. १४२३ मध्ये ती माइसेनच्या वेटिन घराण्याला मिळाली. माणसं जागच्या जागी राहिली, पदवी एल्बच्या काठाने वर सरकत गेली. जुन्या सॅक्सनांची भूमी म्हणजे ढोबळमानाने आजचं लोअर सॅक्सनी, वेस्टफालिया आणि होल्स्टाइन. लोअर सॅक्सनी हे राज्य तर १९४६ मध्ये बनलं. रोमानियातले ट्रान्सिल्व्हेनियन सॅक्सनही बाजूला ठेवा. १२व्या शतकात तिथे वसलेल्यांपैकी बरेच जण ऱ्हाइन आणि मोझेल नद्यांच्या भागातले होते.

शेजाऱ्यांनी दिलेली नावंही याच गाळणीत टाका. वेल्श माणूस इंग्रजाला "साइस" म्हणतो, स्कॉटिश गेलिकमध्ये "सॅसनॅख", आणि फिनिश भाषेत जर्मनी देशाचंच नाव "साक्सा". शेजारी ज्या गटाला आधी भेटतो त्याचं नाव सगळ्यांना चिकटवतो. लिखित साधनांतही हेच घडलंय.

उल्लेखांचा तक्ता

स्प्रेडशीटमध्ये सहा रकाने करा: लेखक, लिहिल्याचं वर्ष, ज्या काळाबद्दल लिहिलंय ते वर्ष, लेखक कुठे बसलाय, "सॅक्सन" हा शब्द प्रत्यक्ष आहे का, आणि माहिती कुणाकडून उचलली. दुसरा आणि तिसरा रकाना वेगळे ठेवणं हेच या तक्त्याचं मर्म आहे. मराठी वाचकाला हे वेगळं शिकवायला नको. शिवकाळाबद्दल समकालीन पत्र काय म्हणतं आणि शंभर वर्षांनी लिहिलेली बखर काय म्हणते, हा भेद आपल्याकडे राजवाड्यांपासून पक्का झालाय. इथे बखरींची संख्या जास्त आहे आणि पत्रं जवळपास नाहीत.

टॅसिटस या रोमन इतिहासकारापासून सुरुवात करा, इ. स. ९८. जर्मन टोळ्यांचं वर्णन करणारा त्याचा ग्रंथ सगळ्यात तपशीलवार, आणि त्यात सॅक्सन नाहीत. त्या किनाऱ्यावर तो चौकी नावाची टोळी दाखवतो, मागे चेरुस्की, एल्बच्या खालच्या भागात लँगोबार्ड, आणि नेर्थुस देवीला भजणाऱ्या सात टोळ्यांच्या यादीत आंग्ली. म्हणजे अँगल मंडळी इ. स. ९८ ला नावानिशी हजर, सॅक्सन गैरहजर. तक्त्यात "नाही" असं स्पष्ट लिहा. रिकामा रकाना आणि "नाही" यात फरक आहे.

मग ग्रीक भूगोलकार टॉलेमी, सुमारे १५०. त्याच्या भूगोलात किंब्रिक द्वीपकल्पाच्या (जटलंडच्या) मानेवर, म्हणजे आजच्या होल्स्टाइनमध्ये, सॅक्सन आहेत आणि एल्बच्या मुखापलीकडे सॅक्सनांची बेटं आहेत. जवळपास प्रत्येक लोकप्रिय लेख इथूनच सुरू होतो. दोन गोष्टी तपासल्याशिवाय ही नोंद पक्की धरू नका. एक, टॉलेमीची हाती असलेली सर्वांत जुनी ग्रीक हस्तलिखितं १३व्या शतकाच्या अखेरीच्या आसपासची आहेत, आणि काहींत "साक्सोनेस" ऐवजी "आक्सोनेस" असा पाठ आहे. टॅसिटसच्या यादीतले "आव्हिओनेस" नकलाकाराच्या हातून बिघडले आणि पुढच्या नकलाकाराने आपल्या काळातलं ओळखीचं नाव बसवलं, असं काही अभ्यासक मानतात. दोन, त्याचे अक्षांश-रेखांश आजच्या नकाशावर थेट टाकले की टोळ्या समुद्रात पडतात. त्याने पृथ्वीचा घेर प्रत्यक्षापेक्षा लहान धरला होता, त्यामुळे पूर्व-पश्चिम अंतरं ताणली गेली. आकडे सोडा, शेजार धरा: कोण कुणाच्या पलीकडे सांगितलंय तेवढं घ्या.

यानंतर तक्त्यात मोठं भगदाड पडेल. पडू द्या. त्यानंतरचे ज्यावर भार टाकता येईल असे उल्लेख ४थ्या शतकाच्या मध्यातले. ३५६च्या सुमाराचं, पुढे रोमन सम्राट झालेल्या ज्युलियनचं भाषण फ्रँक आणि सॅक्सन यांना जोडीने आणतं. इथे सगळ्यात जास्त फसगत होते ती २८६ या सालाची. त्या सुमारास करौसियस या सेनापतीला फ्रँक आणि सॅक्सन चाच्यांपासून किनारा राखायला नेमलं, असं सर्रास लिहिलं जातं. ही माहिती युट्रोपियस या रोमन इतिहासकाराची, आणि तो लिहितोय ३६९च्या आसपास. तिसऱ्या रकान्यात २८६ आलं तरी दुसऱ्यात ३६९च राहतं. त्याने आपल्या काळातलं नाव ऐंशी वर्षं मागे नेलं असण्याची शक्यता उघडी ठेवावी लागते.

४थ्या-५व्या शतकातल्या उल्लेखांना एक समान चेहरा आहे: सॅक्सन म्हणजे समुद्रावरून येणारा लुटारू. साधारण ४०० सालच्या रोमन अधिकाऱ्यांच्या यादीत ब्रिटनच्या "सॅक्सन किनाऱ्या"वर नऊ ठाणी आहेत. गॉलमधला (आजच्या फ्रान्समधला) सिडोनियस सांगतो की सॅक्सन परतीच्या वाटेवर दर दहा कैद्यांमागे एकाला बुडवून बळी देतात. ही सगळी नावं मार खाणाऱ्या बाजूने ठेवलेली आहेत. बोटीत बसलेले लोक स्वतःला काय म्हणत होते ते यातून कळत नाही. फ्रँकांचं जे ऱ्हाइनवर झालं तेच इथे झालेलं दिसतं: अनेक लहान टोळ्यांवर रोमन लोकांनी एक मोठं नाव टाकलं आणि कालांतराने आतल्यांनीही ते उचललं. आमच्या मते उपलब्ध पुरावा याच बाजूला झुकतो.

बीड हा नॉर्थम्ब्रियातला मठवासी ७३१ मध्ये लिहितो. तीन टोळ्या, तीन प्रदेश हे सुबक वर्गीकरण त्याचं: ज्यूट केंट आणि वाइट बेटावर, सॅक्सन एसेक्स-ससेक्स-वेसेक्समध्ये, अँगल बाकीच्या भागात. हे परिच्छेद लिहिताना त्याच्यापुढे आपल्या काळातली राज्यं होती, ती त्याने पावणेतीनशे वर्षं मागे नेली. त्याच्याच ग्रंथात पुढे ५व्या भागात दुसरी यादी आहे, ती फारसं कुणी उद्धृत करत नाही: फ्रिजियन, रुगीनी, डेन, हूण, जुने सॅक्सन, बोरुक्तुआरी. दोन्ही यादी शेजारी ठेवा. शिवाय ६व्या शतकातला बायझंटाइन लेखक प्रोकोपियस ब्रिटनमध्ये अँगल, फ्रिजियन आणि ब्रिटन असे तीनच लोक मोजतो. सॅक्सन त्याच्या यादीतच नाहीत.

४४९ हे सालही बीडचं. गॉलमधलं ४५२ पर्यंतचं वृत्त मात्र ४४१ मध्येच ब्रिटन सॅक्सनांच्या ताब्यात गेल्याचं सांगतं, आणि ते घटनेच्या अगदी जवळचं आहे. तारीख एकच द्यायची असेल तर "५व्या शतकाचा पूर्वार्ध" म्हणा.

मूळकथांचं काय करायचं

मूळकथा फेकायच्या नसतात, पण त्यांचा रकाना वेगळा. फुल्डाचा रुडोल्फ ८६०च्या दशकात लिहितो की सॅक्सन ब्रिटनमधल्या अँगलांतून निघाले आणि समुद्रमार्गे जर्मनीत हाडेल्नला उतरले. बाण चक्क उलटा. त्यापुढे तो सॅक्सनांच्या रूढी-दैवतांचं जे झोकदार वर्णन देतो ते टॅसिटसच्या ग्रंथातून जवळपास शब्दशः उचललेलं आहे, आणि टॅसिटसने ते सॅक्सनांबद्दल लिहिलेलंच नव्हतं. शेवटचा रकाना भरला नसेल तर हेच वर्णन "दोन स्वतंत्र साक्षी" म्हणून तुमच्या लेखात शिरतं. असं छापून आलेलं पुष्कळ आहे.

शंभर वर्षांनी कोर्वेच्या मठातला विडुकिंड वेगळी कथा सांगतो. हाडेल्नला उतरलेला एक सॅक्सन तरुण अंगावरच्या सोन्याच्या बदल्यात थुरिंजियन माणसाकडून ओंजळभर माती घेतो. सगळे हसतात. मग सॅक्सन ती माती दूरवर पातळ पसरून तेवढ्या जमिनीवर मालकी सांगतात. सॅक्सन अलेक्झांडरच्या सैन्याचे वंशज असल्याचं आपण ऐकलंय, असंही तो नोंदवतो. या कथांतून ५व्या शतकाचं काही काढू नका. १०व्या शतकात सॅक्सन घराण्याचा राजा सम्राट झालेला होता आणि त्याला शोभेल असं मूळ हवं होतं, ते मात्र यातून स्वच्छ दिसतं. दोन्ही कथांत हाडेल्न हेच ठिकाण येतं, ते नकाशावर टिंबाने दाखवा. एल्ब आणि वेसर यांच्या मधला हा किनारा उत्खननातही महत्त्वाचा ठरलाय.

मातीची भांडी आणि ब्रोच

एल्ब-वेसर त्रिकोणात वेस्टरवान्ना, वेडेन, इसेनडॉर्फ अशा मोठ्या दहनभूमी सापडल्या. राख-अस्थी हाताने घडवलेल्या कलशात भरून पुरत. इंग्लंडमध्ये त्याची जोड नॉरफोकमधल्या स्पाँग हिलला मिळते: दोन हजारांवर दहनं.

तुलना कशी करायची? एक कलश घ्या. आधी आकार: तळ, सर्वांत जास्त घेराची उंची, मान उभी की आत वळलेली. मग खांद्यावरचे फुगवटे: आतून दाबून काढलेले की बाहेरून माती चिकटवून केलेले, किती आणि उभे की गोल. मग मानेभोवतीच्या कोरीव रेघा, आणि शेवटी ठसे. हाडाचा किंवा शिंगाचा छाप ओल्या मातीवर दाबून ही नक्षी करत. एकाच छापाची खोट, म्हणजे तुटलेली कड किंवा वाकडा दात, दोन भांड्यांवर दिसली तर ती एकाच हाताची असण्याची शक्यता बळावते. वेडेनचा मानवी चेहरे उठवलेला कलश आणि नॉरफोकमधल्या मार्कशॉलचा कलश यांचं साम्य याच कसोटीवर बराच काळ चर्चेत आहे. नॉरफोक हा बीडच्या हिशेबाने अँगलांचा मुलूख, आणि वेडेन सॅक्सन भागातलं. तीन बाणांच्या नकाशाला इथेच पहिला तडा जातो.

ब्रोच, म्हणजे कपडे अडकवायच्या पिना, पाहताना जोड्या लक्षात ठेवा: बशीसारखे गोल ब्रोच आणि दोन्ही टोकं सारखी असलेले रुंद ब्रोच सॅक्सन भागाकडे झुकतात. क्रॉसच्या आकाराचे ब्रोच आणि बाहीच्या धातूच्या कड्या अँगल भागाकडे. कड्यांचं मूळ तर नॉर्वेच्या बाजूला जातं. मात्र एका वस्तूवरून माणसाची टोळी ठरवू नका. लग्न, व्यापार, वारसा आणि फॅशन या चारही वाटांनी ब्रोच फिरतो. किमान एक आख्खी दफनभूमी आणि तिच्यातलं प्रमाण बघा.

घरांचा पुरावा आणखी गमतीचा. ब्रेमरहाफेनजवळ फेडरसन व्हिअर्डे इथे १९५५ ते १९६३ मध्ये खाजणातला आख्खा उंचवटा खणला. माणसं आणि गुरं एकाच छपराखाली राहतील अशी लांब घरं तिथे आहेत. ५व्या शतकात वस्ती ओस पडली. ही लांब गोठाघरं इंग्लंडमध्ये पोचली नाहीत. जमिनीत खड्डा करून बांधलेल्या लहान झोपड्या मात्र पोचल्या. लोक आले म्हणजे सगळं सामानसुमान आलं असं नसतं, आणि एखादी गोष्ट आली नाही म्हणून लोक आले नाहीत असंही नसतं.

त्याच परिसरात फालवार्डला एका नावेत पुरलेला पुरुष सापडला. झाडाच्या एकाच खोडातून कोरलेली नक्षीदार खुर्ची शेजारी होती, आणि खुर्चीच्या पायपाटावर रुन या जुन्या जर्मानिक लिपीत लेख. लाकडाची वर्षवलयं ४३१च्या आसपास थांबतात. कमरेला रोमन लष्करी पट्टा. "रोमन विरुद्ध सॅक्सन" असे दोन रंग भरलेला नकाशा या माणसाला कुठे ठेवणार? बहुधा रोमनांच्या चाकरीत राहून घरी परतलेला हा किनाऱ्यावरचा मातबर.

भाषेची कसोटी

कोण कुणाचा भाऊबंद, हे ठरवायला भाषा चांगली. अनुनासिकानंतर घर्षक व्यंजन (फ, स यांसारखं) आलं की अनुनासिक गळून स्वर लांबतो का, एवढं बघा. जर्मन "फ्युन्फ", "उन्स", "गान्स". इंग्रजी "फाइव्ह", "अस", "गूस". जुनं सॅक्सन "फीफ", "ऊस". आपल्या "पंच" आणि "हंस" मधला अनुनासिक जर्मनने टिकवला, समुद्रकाठच्या भाषांनी गाळला. इंग्रजी, फ्रिजियन आणि जुनं सॅक्सन एका गटात पडतात ते यामुळे. या कसोटीने किनारपट्टीचा गट सिद्ध होतो. त्या गटात अँगल वेगळा आणि सॅक्सन वेगळा काढता येत नाही.

समुद्रापलीकडच्या नात्याचा एक नेमका धागा दैवताच्या नावात आहे. सॅक्सनांना बाप्तिस्मा देताना म्हणवून घ्यायच्या शपथेत थुनेर, वोडेन आणि साक्सनोट या तिघांचा त्याग आहे. इंग्लंडमधली बहुतेक राजघराणी आपला वंश वोडेनपर्यंत नेतात. एसेक्सचं घराणं मात्र सेआक्सनेआटपर्यंत, म्हणजे याच साक्सनोटपर्यंत. दोन्ही काठांवरचा असा जुळणारा पुरावा विरळा आहे.

डीएनए कुठे उपयोगी आणि कुठे नाही

२०२२ मध्ये नेचरमध्ये आलेल्या अभ्यासात वायव्य युरोपातल्या ४६० मध्ययुगीन व्यक्तींचा डीएनए होता, त्यात २७८ इंग्लंडमधल्या. पूर्व आणि दक्षिण इंग्लंडमधल्या त्या काळच्या लोकांचा वंशवाटा ७६ टक्क्यांपर्यंत उत्तर समुद्राच्या खंडीय किनाऱ्यावरचा निघाला. "फक्त मूठभर सरदार आले" या मताला हा मोठा धक्का.

पण आकडा वापरण्याआधी तीन अडचणी ध्यानात घ्या. जळालेल्या हाडात डीएनए टिकत नाही, त्यामुळे नमुने दफन केलेल्यांचेच, आणि आरंभीचे बरेच लोक दहन करत. स्पाँग हिलचे कलश या चाचणीला मूकच राहतात. दुसरं, खंडावरच्या ज्या पट्ट्याशी जुळणी झाली तो नेदरलँड्सपासून डेन्मार्कपर्यंत इतका एकसारखा आहे की फ्रिजियन, सॅक्सन, अँगल अशी विभागणी होत नाही. घरगुती डीएनए किटवर "तुम्ही इतके टक्के सॅक्सन" असं आलं तर ते वाक्य सोडून द्या. तिसरं, ७६ हा त्या काळच्या पुरलेल्या माणसांचा आकडा, आजच्या इंग्रजांचा नाही.

पांढऱ्या भाजलेल्या हाडात स्ट्रॉन्शियम टिकतं; माणूस कुठल्या जमिनीवर राहिला याची खूण त्यातून मिळते. दाताचं स्ट्रॉन्शियम बालपणीची जागा सांगतं, भाजलेल्या हाडाचं मात्र मरणाआधीच्या काही वर्षांची. शिवाय हिमनदीने आणलेली माती दोन्ही काठांवर असल्याने मूल्यं एकमेकांवर चढतात. भाजलेल्या हाडाच्या रेडिओकार्बन तारखेत चितेच्या लाकडाचा कार्बन मिसळतो, आणि लाकूड जुनं असेल तर तारीख खोटी जुनी येते.

नकाशावर काय लिहायचं

आता एका जाड बाणाऐवजी शतकवार चार पाट्या करा. १ल्या शतकासाठी चौकी, लँगोबार्ड, आंग्ली ही टॅसिटसची नावं, सॅक्सन नाही. २ऱ्यासाठी होल्स्टाइनवर "सॅक्सन" आणि पुढे प्रश्नचिन्ह. ४थ्या-५व्यासाठी एल्ब-वेसर किनाऱ्यावर "रोमन साधनांतले सॅक्सन; चौकी यांच्यात मिसळले असावेत". चौकी २ऱ्या शतकाच्या उत्तरार्धानंतर साधनांतून जवळजवळ नाहीसे होतात आणि त्यांच्याच जमिनीवर पुढे सॅक्सन दिसतात, एवढाच आधार असल्याने "असावेत" हा शब्द काढू नका. ८व्यासाठी वेस्टफालियन, अँग्रियन, ईस्टफालियन आणि एल्बपलीकडचे नॉर्डाल्बिंगियन असे चार गट. फ्रँकांचा राजा शार्लमेन याने ७७२ ते ८०४ ज्यांच्याशी लढाई केली ते हेच, आणि बीडच्या म्हणण्यानुसार यांना राजा नव्हता.

बारीक बाण तीन जादा लागतील, ते बहुतेक नकाशांत गाळलेले असतात. गॉलमध्ये बायोच्या सॅक्सनांकडे एक, त्यांना ५७८च्या एका मोहिमेत फ्रँकांनी सोबत घेतलं होतं. ल्वार नदीच्या मुखाकडे दुसरा. आणि ५६८ मध्ये लँगोबार्डांबरोबर इटलीत गेलेल्यांसाठी तिसरा; हा बाण परत फिरवा, कारण ते सॅक्सन घरी आले तेव्हा त्यांच्या जमिनीवर सुएबी बसवलेले होते आणि लढाई करूनही ती त्यांना परत मिळाली नाही.